कोसा बघायला जंगलात चला, पण आधी सांगा जंगलातली झाडं कोणाची?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. शिव्या द्यायच्या असतील तर पूर्ण वाचून द्या. मागच्या वेळी अर्ध्यांनी फक्त फोटो बघून दिल्या होत्या.

गेल्या महिन्यात ताडोबा बफरमधल्या एका रिसॉर्टवाल्यांनी आम्हा चार-पाच पत्रकारांना एका रात्रीसाठी बोलावलं. नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका रिसॉर्टचा नाही. मी गेलो. फुकटाचं होतं, खोटं कशाला बोलू? एरवी त्या खोलीचं एका रात्रीचं भाडं पाच आकडी आहे, आणि ते आपल्या खिशाला झेपणारं नाही. पावसाळ्यात ताडोबाचा कोर बंद असतो, जुलै ते सप्टेंबर. बफरमध्ये गाड्या फिरतात, पण वाघ दिसायची खात्री कमी. मग पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला दोन दिवस दाखवायचं काय? तर म्हणे 'कोसा अनुभव'. परदेशात लोक मेंढ्या आणि अल्पाका पाळणाऱ्यांच्या शेतावर दोन-तीन दिवस राहायला जातात, जनावरांना चारा घालतात, लोकर कातरताना बघतात, मुलांना चरख्यावर सूत काढायला शिकवतात. तेच इथे करायचं. मेंढीच्या जागी कोशाची अळी. मॅनेजर बिचारा मनापासून सांगत होता.

कल्पना वाईट नाही, हे आधीच कबूल करतो. वाईट काय ते पुढे सांगतो.

हिरव्या जाळीच्या शेडमध्ये कुंडीतली तीन अर्जुनाची झाडं, त्यावर वीसेक अळ्या. बाजूला पाटी, 'आदिवासी कोसा'. आणि चटईवर हिरवी नऊवारी नेसून बसलेली एक बाई, पन्नाशीची असेल. नेसण मांडीपर्यंत वर घेतलेलं, उघड्या मांडीवर राख लावलेली, आणि त्या मांडीवर उकडलेल्या कोशाचं सूत ती हाताने वळून काढत होती. पाहुणे व्हिडिओ घेत होते. एका पोरीने टाळ्या वाजवल्या. बाईने मान वर केली नाही.

मांडीवर सूत काढणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षानुवर्षं असं सूत काढलं की मांडीची कातडी सोलवटते, काळी पडते, पाठ धरते, आणि दिवसभर राबून सूत निघतं ते हातभर. हा प्रकार बंद व्हावा म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं छोटं यंत्र काढलं. वस्त्रोद्योग मंत्रालयाने तर मार्च २०२० पर्यंत देशातून मांडीवरचं सूत काढणं संपवायचं, असं जाहीर केलं होतं. म्हणजे सरकार ज्या गोष्टीला बाईच्या अंगावरचा अत्याचार म्हणून बंद करायला निघालं, तीच गोष्ट आपण तिकीट लावून दाखवतोय. परंपरा म्हणून.

मी नंतर तिला गाठलं. तीनशे रुपये रोज मिळतो म्हणाली. मी विचारलं, "घरी यंत्र नाही का जी?" ती म्हणाली, "हाय न. घरी यंतरावरच काडतो. इथं सायेब म्हनते मांडीवरच काडा, लोकायले ते पायजे."

या एका वाक्यावर मी जेवण सोडून यायला हवं होतं. नाही आलो. जेवण चांगलं होतं. पण रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिलाच विचारलं, तुमच्या गावात कोसा पाळणारे कोण? तिने तिच्या भावाचं नाव सांगितलं. ओळखीतून ओळख काढत मी त्या माणसाकडे पोहोचलो आणि दोन रात्री राहिलो. गाव लिहीत नाही, नागभीड-आरमोरीच्या पट्ट्यातलं समजा. गाव लिहिलं तर उद्या चार गाड्या जातील, आणि पीक अजून झाडावर आहे.

आता ज्यांनी कोसा फक्त लग्नाच्या साडीत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

पाटीवर 'आदिवासी कोसा' लिहिलं होतं, ते अर्धवट खरं. झारखंड-छत्तीसगडात आदिवासी कोसा पाळतात. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजाने केलंय. मासे धरणारा समाज. बोडीत मासोळी आणि जंगलात कोसा, असं त्यांचं वर्ष. ही अळी तुतीवर वाढत नाही, घरातल्या ट्रेमध्ये वाढत नाही. ती ऐनाच्या आणि अर्जुनाच्या उभ्या झाडावर, उघड्यावर, पावसात वाढते. त्यामुळे कोसा पाळणाऱ्याला शेत नसतं. त्याचं शेत म्हणजे जंगलातली झाडं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बी कोश हिवाळ्यापासून माळा करून टांगून ठेवतात. आतला कोशित सात-आठ महिने झोपून राहतो. पावसाळ्याच्या तोंडाला पतंग बाहेर येतात. या पतंगाला खायला तोंडच नसतं. नर-मादीची गाठ पडते, मादी दीड-दोनशे अंडी घालते आणि आठवडाभरात मरते. मग मादीचं पोट कुटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत पेब्रीन रोगाचे जंतू आहेत का. असतील तर तिची सगळी अंडी नष्ट. ही पद्धत लुई पाश्चर यांची. १८६५ नंतर फ्रान्समधला रेशमाचा धंदा या रोगाने बसत होता, तेव्हा त्यांनी ती बसवली. आरमोरीच्या टसर केंद्रात आजही काम त्याच तत्त्वावर चालतं. शाळेत आपल्याला पाश्चर फक्त कुत्रा चावल्यावर शिकवला, असो.

निरोगी अंडी मिळाली की आठ-दहा दिवसांत अळ्या निघतात. त्या कोवळ्या पानांवर चढवायच्या. चार वेळा कात टाकतात, महिना-सव्वा महिन्यात बोटापेक्षा जाड होतात, अंगावर चांदीचे ठिपके. झाडावरची पानं संपली की फांदी कापून अळ्यांसकट दुसऱ्या झाडावर न्यायची. आणि या सगळ्या काळात राखण. सकाळी पाखरं, दुपारी गांधीलमाशी आणि सरडा, रात्री उंदीर. मुंग्या चोवीस तास. माकडं आली तर हिशेबच संपला.

मी ज्यांच्याकडे राहिलो ते दादा पासष्टीचे. त्यांची बायको, एक मुलगा, एक मुलगी. चौघं दीड महिना आळीपाळीने जंगलात. बांबू, ताडपत्री आणि पळसाची पानं यांची झोपडी. जमिनीपासून हातभर उंच माच, त्यावर झोपायचं. खाली ओल, वरून गळती. भात, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. मासोळी नाही. मी म्हटलं, ढिवराच्या घरी मासोळी नाही? काकू हसल्या, "पीक झाडावर हाय तवर नाई खात जी आमी. शिवत बी नाई." अळी झाडावर असेपर्यंत त्यांच्या घरात मास-मच्छी बंद, तेलाची फोडणी बंद, बाहेरच्या माणसाने झाडाला हात लावायचा नाही. मला अंधश्रद्धा वाटली. मग दादांनी माझ्या शर्टाचा वास घेतला आणि म्हणाले, "तुमी सेंट लावला काय? ते उतरवा आदी."

त्यात श्रद्धा किती आणि शहाणपण किती, ते मला वेगळं करता येत नाही. पण मच्छर अगरबत्ती, फवारा यातलं औषध डासाला जसं मारतं तसं अळीलाही मारतं. हे शास्त्र आहे. हाताळण्यातून रोग पसरतो, हेही शास्त्र. कात टाकायच्या वेळी अळी मान वर करून दिवसभर निपचित बसते. तेव्हा तिला हलवलं तर ती जाते. आता कल्पना करा, चाळीस पाहुणे, प्रत्येकाच्या बॅगेत डासाचा स्प्रे, प्रत्येकाच्या पोराला अळी हातावर घेऊन रील काढायची. एका शनिवार-रविवारात पीक साफ.

दुसऱ्या रात्री पाऊस थांबला होता तरी पानांवर टपटप आवाज चालू होता. मी दादांना विचारलं, थेंब कुठून पडतायत? ते म्हणाले, "थेंब नाई, लेंडी हाय." हजारो अळ्या रात्रभर खात होत्या आणि त्यांच्या लेंड्या पानांवरून खाली पडत होत्या. त्या आवाजात मध्येच दादा उठायचे, टॉर्च फिरवायचे, खोकायचे, परत बसायचे. उंदरासाठी नाही. का, ते मी विचारलं. काकू म्हणाल्या, "रातच्या टायमाले नाव नोका घेऊ जी."

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली, नागभीड. या तालुक्यांत वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या मी स्वतः किती लिहिल्या त्याचा हिशेब ठेवलेला नाही. सरपण, मोहफूल, तेंदू, गुरं, धानाची कापणी. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार २०२३ पासून २५ लाख देतं. रक्कम वाढली ते चांगलंच झालं. पण प्रत्येक वेळी पंचनाम्याच्या जागी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "हा इथे काय करत होता?" रिसॉर्टचा पाहुणा उघड्या जिप्सीत बसून वाघ बघतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही की तू इथे काय करतोयस. त्याच्याकडे पावती असते. दादांकडे काय आहे?

आता मुद्द्यावर येतो.

महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास शेतावरच्या पर्यटनाचं जे काम सुरू केलं, ते पुढे राज्यभर पसरलं आणि त्याला सरकारी चौकट मिळाली. चांगलं झालं. नोंदणी केली की कर्जाला आधार मिळतो, काही सवलती मिळतात. पण अट काय? किमान एक एकर शेती आणि सातबारा. आमच्या दादांच्या नावावर पाऊण एकर धानाची बांधी आहे, तीही तीन भावांत. ज्या पन्नास-साठ झाडांवर त्यांच्या बापानेही कोसा पाळला, त्या जागेच्या सातबाऱ्यावर वनखातं आहे. म्हणजे कोसा पाळणारा माणूस 'शेतावर राहायला या' असं कायद्याने म्हणूच शकत नाही. आणि ज्याने बाहेरून येऊन बफरमध्ये पाच एकर विकत घेतले, त्यात कुंडीतली तीन झाडं ठेवली आणि पाटी लावली, तो मात्र म्हणू शकतो. कागद त्याचे चोख आहेत.

इथे कोणी म्हणेल, वनहक्क कायदा आहे ना? आहे. २००६ चा. आणि त्या कायद्याच्या व्याख्येच्या कलमात गौण वनोपजाची यादी दिली आहे, त्यात बांबू, मध, मेण, लाख, तेंदू यांच्याबरोबर टसर आणि कोश हे शब्द स्पष्ट छापलेले आहेत. कोणाला मेहरबानी मागायची नाही, संसदेने लिहून दिलंय. पण आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवायचंय, एक पिढी म्हणजे २५ वर्षं. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा. ढिवरांनी तो कुठून आणायचा? कोशाला जन्मदाखला नसतो. आजोबांनी ज्या व्यापाऱ्याला कोसा विकला त्याने पावती दिली नव्हती. दादा म्हणाले, "माया बाप ज्या झाडाखाली मेला ते झाड दाखवतो, चालन काय?"

हे सगळं अशक्य नाही, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार फक्त रडतो. सामूहिक वनहक्कात आपला गडचिरोली जिल्हा देशात पुढे आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. चंद्रपूरकडे गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने बांबूवर गाव उभं करून दाखवलं. बांबू चालतो, तेंदू चालतो, तर कोसा का नाही? ज्या ग्रामसभेकडे सामूहिक हक्काचं पत्र आहे, तिने कोसा पाळणाऱ्या कुटुंबांना झाडं वाटून द्यावीत आणि त्या ठरावाला पर्यटन विभागाने सातबाऱ्याइतकंच मानावं. जिथे हक्क मिळालेला नाही तिथे वनखात्याने झाडांचा पट्टा हंगामापुरता नाही, निदान दहा वर्षांसाठी द्यावा. दरवर्षी परवानगीसाठी चकरा मारणारा माणूस झाडाची छाटणी करत नाही, नवं झाड लावत नाही. का लावेल?

एवढीच मागणी आहे. यात पैसा नाही, एक ओळ बदलायची आहे.

माझे काही मित्र दुसऱ्या टोकाचे आहेत. त्यांचं म्हणणं, पर्यटन नकोच, जंगलातल्या माणसाला प्रदर्शनात ठेवू नका. ती नऊवारीतली बाई पाहिल्यावर मीही याच मताचा झालो होतो. दादांच्या मुलीने माझं डोकं ठिकाणावर आणलं. ती बारावी झालेली. मी रिसॉर्टचं सांगत होतो, तावातावाने. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, लोकं यायलेच पायजेत. पण आमच्याकडे. अन् आमी म्हनू तवा." मग तिने तिचा हिशेब सांगितला. तो कोणत्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा बरा होता. अळ्या कात टाकतात तेव्हा कोणी यायचं नाही. शेवटच्या आठवड्यात, अळ्या कोश विणायला लागल्या की या. एका वेळी चार माणसं. राहायचं गावात, घरात, जंगलात नाही. झाडाजवळ सकाळी दोन तास. सेंट नाही, स्प्रे नाही. सूत यंत्रावर काढून दाखवू. आणि जाताना कोसा विकत घ्या, फोटोचे पैसे नकोत.

मी विचारलं, मांडीवर काढून दाखवा म्हणाले तर? "त्याइले म्हना, तुमच्या मांडीवर काडा."

तिचा भाऊ मात्र गप्प होता. तो जानेवारीत तेलंगणात मिरची तोडायला जाणार आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून गाड्या भरभरून पोरं-पोरी जातात, बस स्टँडवर दिसतात, बातमीही होत नाही आता. त्याचं गणित सरळ आहे. मिरचीला रोज मिळतो. कोशाला शंभर अळ्यांतल्या पंचवीस-तीस हाती आल्या तर पीक चांगलं म्हणायचं, एखाद्या वर्षी तेवढंही नाही. आणि भाव असा की एका कप चहाच्या पैशात दोन-तीन कोश येतात. त्याच कोशाच्या सुताला करवती काठ लागून साडी झाली की शोरूममध्ये हजारोंत जाते. विदर्भाच्या करवती साडीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचं मला कौतुक आहे. पण मानांकन साडीला मिळालं. अळीमागे दीड महिना जागणाऱ्याला त्यातलं काय पोहोचलं, हे मंत्र्यांच्या भाषणात मी तरी ऐकलं नाही.

चीनच्या खालोखाल जगात सगळ्यात जास्त टसर भारतात होतं. तुती, टसर, एरी, मुगा, ही चारही रेशमं पिकवणारा भारत एकटा देश. हे आम्ही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात पाठ करतो आणि आरमोरीच्या पोराला मिरची तोडायला पाठवतो.

आणि हे फक्त कोशाचं नाही. आपल्याकडे कुरमार आहेत. मेंढ्या राखणारे, घोंगडी विणणारे. खरं म्हणजे परदेशातल्या त्या मेंढीच्या शेताशी हुबेहूब जुळणारी गोष्ट तीच. पण त्यांच्या मेंढ्यांना जंगलात चराई बंद, आणि रिसॉर्टच्या भिंतीवर मात्र घोंगडी टांगलेली. त्यावर वेगळं लिहीन, इथे घुसवत नाही.

आता काहींचा ठरलेला प्रश्न, "पर्यटनाने रोजगार येतो, तुम्हाला विकास नको का?" येतो, मान्य. मोहर्ली, कोलारा या गेटांवर गाइड आहेत, जिप्सीवाले आहेत, होमस्टे आहेत. काही पोरांनी पक्की घरं बांधली, मी बघितलीत. ताडोबा १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, राज्यातलं सगळ्यात जुनं. सत्तर वर्षांत तिथल्या लोकांना निदान गाइडचं काम मिळालं. पण गाइड होणं वेगळं आणि मालक होणं वेगळं. रिसॉर्टमध्ये ती बाई तीनशे रुपये रोजावर स्वतःच्याच धंद्याचं सोंग वठवते. तिच्या भावाला पाहुणा ठेवायचा तर सातबारा लागतो. मग यातून विकास नेमका कोणाचा झाला, तेवढं मोजून सांगा.

लोकप्रतिनिधींना टॅग करत नाही. मागच्या तीन पोस्टमध्ये केलं होतं, एकाने अंगठा दिला, दुसऱ्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा. पण या पट्ट्यातल्या ग्रामसभांचे जे अध्यक्ष-सचिव ही पोस्ट वाचतायत त्यांना हात जोडून सांगतो, पुढच्या ग्रामसभेत कोसा पाळणाऱ्या कुटुंबांची नावं आणि त्यांची झाडं, गट क्रमांकासह, ठरावात लिहून घ्या. ज्यांच्या घरात जुना कागद असेल, रेशीम खात्याचं अंडीपुंजांचं जुनं कार्ड, वनखात्याची जुनी परवानगी, काहीही, त्याचा फोटो काढून ठेवा. मूळ कागद कोणाला देऊ नका. दावा टाकताना लागेल. मसुदा लिहायला मदत हवी असेल तर इनबॉक्स करा, पैसे घेत नाही.

आणि रिसॉर्टवाल्यांना. तुमचं जेवण खाल्लंय, म्हणून एकच सांगतो. त्या बाईला यंत्र द्या आणि खुर्ची द्या. पाटीवरचं नाव दुरुस्त करा. ते दोन्ही उद्या सकाळी होण्यासारखं आहे. पुढच्या वेळी मला बोलावणार नाही, माहीत आहे.

निघताना मी दादांना दोन रात्रींचे पैसे देऊ लागलो. त्यांनी हात मागे घेतला. काकूंनी मात्र विचार करून सांगितलं, "पैशे नोको. टार्चचे सेल पाठवा जी, मोठेवाले. इथल्या दुकानातले दोन दिसात बसते." काल बसच्या कंडक्टरजवळ बारा सेल दिलेत. आज दुपारी मुलीचा फोन आला, मिळाले म्हणाली. वरच्या फांदीवरच्या अळ्यांनी विणायला घेतलंय.